बारा लिटरचा कुकर आणि एक बोल्ट

मला कुकरची भीती वाटते, हे मी लग्न ठरतानाच सांगायला हवं होतं. आमच्या कडावच्या घरातला कुकर बारा लिटरचा, बुडाला काळा पडलेला, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. "तुझ्या नवऱ्याच्या बारशाच्या घुगऱ्या ह्याच्यातच शिजल्यात," असं सासूबाई सांगायच्या. त्यामुळे नवा घेऊ म्हणायची सोयच नव्हती.

आमच्या आळीत एवढा मोठा कुकर दुसरा नाही, म्हणून तो घरी टिकत नाही. हळदीला जातो, तिथून परस्पर पूजेला, तिथून आणखी कुठे. कुकर जिथे जाईल तिथे सासूबाईही जातात, कारण तो दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करायला त्यांचा जीव धजत नाही. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. शिट्टी चुकू नये म्हणून त्या पाट घेऊन शेगडीला चिकटून बसतात, कान कुकरकडे करून.

दिवाळीनंतर झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून वाफ फुसफुसायला लागली. मी कर्जतचा बाजार पालथा घातला. एकाने व्हॉल्व दाखवला, पण आटे जुळेनात. दुसरा म्हणाला, "ह्याचं पुस्तक आणा, नंबर बघून मागवतो." नवऱ्याच्या वयाच्या कुकरचं पुस्तक! ते सासूबाईंनी कधीच बंबात घातलं असणार. मी रोज फोनवर शोधत राहिले आणि नवरा हसत राहिला. शेवटी एका रविवारी तो झाकण घेऊन चौक गावाला गेला, ओळखीच्या ट्रकच्या गॅरेजात, आणि व्हॉल्वच्या जागी बोल्ट आवळून घेऊन आला. "लीकेज बंद," म्हणाला. त्याचा जन्म कारखान्यात पाइप जोडण्यात गेलेला. गळतं ते बंद करायचं, एवढंच त्याला ठाऊक. वाफ थांबली, सासूबाई खूश झाल्या. माझ्या जिवाची धाकधूक मात्र गेली नाही, म्हणून मी शोधत राहिले.

पुस्तक सापडलं तेव्हा मी कर्जत स्टेशनबाहेर रिक्षा भरायची वाट बघत बसले होते. कुणीतरी आपल्या घरातल्या तेलकट पुस्तकाचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. आमचाच कुकर, आमचंच झाकण. व्हॉल्वचा नंबरही होता. आनंदाने पुढचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की शिट्टीची नळी तुंबली तर वाफ ह्या व्हॉल्वमधून बाहेर पडते, ही वाट कधीही बंद करू नये. खाली चित्र होतं. भांडं एकीकडे, झाकण पार वर उडालेलं.

नवऱ्याला फोन लावला, पण कामावर त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. शेजारच्या वहिनींना लावला.

"आई नाय घरी," त्या म्हणाल्या. "कुकर काल हळदीला गेलता, तिथनंच आज आपल्या आळीतल्या बारशाला नेलाय. घुगऱ्या लावल्यात. आई पण तिथंच हायेत."

"वहिनी, पळत जा, गॅस बंद करायला सांगा!"

"अगं, मी कशेळ्याला आलेय बाजाराला. झालं काय?"

मी सांगत बसले नाही. बारशाच्या घरी लावला, तर कुणी उचलेना. रिक्षावाल्याला म्हटलं, सगळ्या सीटचे पैसे मी देते, आधी नीघ. वाटभर मला सासूबाईंचा कुकरकडे केलेला कान दिसत होता.

बारशाच्या घरी ओटीवर बायका पाळणा सजवत होत्या. मागच्या पडवीत शेगडी भडकलेली, तिच्यापाशी पाटावर सासूबाई. कुकर गप्प.

"शिट्टी झाली का?" मी दारातूनच विचारलं.

"कवाची वाट बघतोय," कुणीतरी हसून म्हणालं.

"आई, उठा!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. उलट शिट्टी ऐकायला त्या आणखी पुढे वाकल्या.

मला तिथे जायचं नव्हतं. खरं सांगते, उलट्या पावली पळावंसं वाटत होतं. तरी गेले, सिलिंडर बंद केला आणि त्यांचा दंड धरून त्यांना ओढत अंगणात आणलं.

"येडी झाली काय गं? घुगऱ्या कच्च्या ऱ्हातील!" त्या चिडल्या. मला रडूच फुटलं. रडत रडत सांगितलं तेव्हा सगळ्याजणी बाळाला घेऊन अंगणाच्या पार टोकाला गेल्या. कुकर गार होईपर्यंत कुणी पडवीकडे फिरकलं नाही.

झाकण निघालं तेव्हा नळीत हरभऱ्याचं सालपट गच्च बसलेलं होतं. सासूबाईंनी ते काडीने काढलं, मग बोल्टवरून बोट फिरवलं. "ज्याच्या बारशाला घेतला, त्यानंच ह्याचं तोंड बांधलं," एवढंच म्हणाल्या.

नंबर दिल्यावर दुकानदाराने व्हॉल्व मागवून दिला. बसला बरोबर. पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा मी दाराशी उभी होते, पळायच्या तयारीत. सासूबाईंनी पाट मांडला, पण बसल्या नाहीत.

"माझं कान गेलं. आता तू बस हितं," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या राहिल्या. मी बसले. शिट्टी होईपर्यंत त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता.