तुटलेली बाजू

"पाय जपून, वहिनी. खाली कुणीतरी राहतंय."

नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीच्या बागेत हिरवळीवर उतरताना ते हमखास असं म्हणायचे आणि स्वतः चवड्यांवर चालायचे. मुलांनो, निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेले हे शेजारी कॉलनीत सगळ्यांना जरा विचित्रच वाटले. मलाही.

मालवणला त्यांनी समुद्राखाली प्रवाळ वाढवलं होतं. तुटलेले तुकडे लोखंडी जाळीला दोरीनं बांधायचे, मग ते पुन्हा जीव धरतात. "एकटा काय करणार होतो? होडीवाल्यांनी आधी मला हाकललंच. वर्षभर त्यांच्या शेजारी बसून जाळी शिवली, तेव्हा कुठे त्यांनी प्रवाळावर नांगर टाकणं सोडलं."

माझ्या शोकेसमधली प्रवाळाची पांढरी फांदी तुम्हाला आठवत असेल. खाली माझ्या नीट अक्षरातली चिठ्ठी: 'मालवण. किनाऱ्यावर सापडलेले.' ते आले की आधी तिच्यापाशी जायचे. हातात घ्यायचे, मग किंचित फिरवून परत ठेवायचे. मला वाटे, आपल्यासारखाच शिस्तीचा माणूस.

"सापडलं ना, वहिनी?" एकदा त्यांनी विचारलं.

"हो. वाळूत."

खरं असं की ओहोटीला मी त्या प्रवाळावर उभी होते. होडीतली बाई म्हणाली होती, "बाये, हात नको लावू, ता जिवंत आसा." मी तुमच्या आजोबांना इंग्रजीत म्हटलं, हिला काय कळतंय. आणि फांदी मोडून रुमालात बांधली. तेव्हा ती तपकिरी होती; पांढरी नंतर पडली.

गेल्या वर्षी कॉलनीतल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना दाखवायला त्यांनी ती मागून नेली. एका मुलीनं विचारलं, "अंकल, ये टूटा कैसे?" मी मागच्या खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "लहर से भी टूट जाता है, बेटा."

संध्याकाळी त्यांनी फांदी परत आणली आणि नेहमीसारखी फिरवून ठेवली. तेव्हा मला दिसलं. मोडल्याची ती सपाट, स्वच्छ बाजू ते दर वेळी भिंतीकडे करत होते. वाळूत सापडलेल्या तुकड्याची कड घासून गोल झालेली असते. सांगायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेणार?"

"अर्धा कप," ते म्हणाले.

दिवाळीनंतर ते वारले. बागेत आता सगळे टाचा आपटत फिरतात.

मी चिठ्ठी बदलली आहे: 'मालवण. मी मोडलेले.' फांदीची ती बाजू काचेकडे केली आहे. तुम्ही याल तेव्हा आधी तीच दिसेल.