क्लेमच्या बेड्यांची खिटी

क्लेम ट्रेगेन्झाने आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. अडतीस वर्षं पोर्ट कॅरो गावातल्या धान्याच्या सायलोवर गव्हाचे ट्रक वजनाला घातले, आणि दर सप्टेंबरात हॉस्पिटलसाठी पैसे जमवणाऱ्या बायकांचा चहा असतो त्या शनिवारी, गावच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, गावादेखत बेड्या अडकवून घेऊन सुटून दाखवलं. पहिल्या कामाबद्दल निवृत्त होताना त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दोन वर्षांत बंद पडलं. दुसऱ्याबद्दल टाळ्या मिळत, त्या मात्र अजून चालू होत्या.

बेड्या त्याने ॲडलेडच्या एका गमतीच्या वस्तूंच्या दुकानातून टपालाने मागवल्या होत्या. दिसायला अस्सल, हातात घेतल्या तर वजनदार. पण प्रत्येकीत किल्लीच्या भोकाशेजारी मसुराच्या दाण्याएवढी खिटी होती. अंगठ्याने दाबली की बेडी उघडते, एवढंच काय ते गुपित. अंगठ्यांना अडकवायच्या छोट्या बेड्या, साखळी, कॅनव्हासचं पोतं असला इतर पसाराही होता, पण शेवट नेहमी याच बेड्यांचा. आणि त्या घालायच्या गावच्या पोलिसाने. किल्ली दोरीला बांधून त्याच्याच गळ्यात. एकोणचाळीस वर्षांत अकरा पोलीस बदलून गेले, एकालाही ती किल्ली काढावी लागली नव्हती. क्लेम हे सांगायचा तेव्हा त्याची मान आपोआप ताठ व्हायची. गुपित आपल्याला आणि बायको मर्लला सोडून कुणाला ठाऊक नाही, यावर त्याचा ठाम विश्वास होता.

यंदा चाळिसावं वर्ष आणि अंगठ्याने दगा दिला. सांधा आखडला होता. शेडमध्ये बसून तो सराव करी. दहांतून चारदा खिटी दबे, सहादा नाही. ही गोष्ट त्याने मर्लला सांगितली नाही. मर्ल स्वयंपाकघरात खिमा-बटाटा भरायच्या पेस्ट्यांचं पीठ मळता मळता बेड्यांचा खडखडाट आणि त्यामागून येणाऱ्या शिव्या ऐकत होती.

"यंदा नुसती साखळी कर की," ती एकदा म्हणाली. "लोकांना काय, चहा महत्त्वाचा."

"चाळिसाव्या वर्षी माघार घेऊ? त्यापेक्षा मला पोत्यात घालून समुद्रात टाक."

"पोत्याला भोक पडलंय," मर्ल म्हणाली आणि पीठ लाटायला लागली.

शनिवारी हॉल भरला. पेस्ट्या संपल्या, चहासोबतचे स्कोन संपले, आणि क्लेम मंचावर चढला. साखळी सुटली, पोतं सुटलं. मग त्याने पोलिसाला वर बोलावलं. नवी पोलीस लोसा फालेआफा गावात येऊन दोनच महिने झाले होते. सामोअन बाई, दारातून आली की दार भरून जाई. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या जिभेला जमत नसे, म्हणून आल्या दिवसापासून ती त्याला काका म्हणत होती.

तिने बेड्या उलटसुलट करून पाहिल्या. तिचा अंगठा खिटीवरून फिरला आणि क्लेमने चटकन हात पुढे केले.

"काका, या तर आमच्याहून पक्क्या आहेत," ती मोठ्याने म्हणाली. हॉल हसला. तिने बेड्या घातल्या आणि मर्लने शिवलेली निळी चादर त्याच्या हातांवर टाकून ती चादरीची कड धरून उभी राहिली.

गाव मोजायला लागलं. पन्नासाच्या आत सुटायचं हा रिवाज. नाही सुटला तर किल्ली. वीसला क्लेमचा अंगठा खिटीवर पोचला. तीसला तो घसरला. पस्तीसला कळ थेट कोपरापर्यंत गेली. त्याने पुन्हा जोर लावला. मसुराएवढी वस्तू, पण डोंगर ढकलावा तशी हलेना.

चाळीसनंतर मोजणं रेंगाळलं. पुढच्या रांगेतल्या आयडा पेंग्लेजने चाळीस दोनदा म्हटलं. मागून कुणी ओरडलं, "थांबा, मी चुकलो, परत तिसापासून!" आणि अख्खा हॉल निमूटपणे परत तिसावर गेला. शाळेत पाढे शिकवणारी बाईसुद्धा. क्लेमला घाम फुटला होता, त्याला यातलं काही उमगलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं की चाळीस वर्षांची इभ्रत आता एका किल्लीने जाणार.

दुसऱ्यांदा सेहेचाळीस झाले तेव्हा चादरीखाली एक जाड, ऊबदार अंगठा आला. त्याने काही चाचपडलं नाही. सरळ खिटीवर गेला. खट. मग दुसऱ्या हाताकडे. खट.

लोसा समोर बघत होती, चेहरा अगदी कोरा. क्लेमने हात वर केले आणि हॉल दणाणून गेला.

नंतर ती मागच्या पायऱ्यांवर चहा पीत बसली होती, तिथे त्याने तिला गाठलं.

"पोरी, खिटी तुला कुणी दाखवली?"

"काय काका, चहा निवतोय तुमचा."

"खरं सांग."

लोसाने कप खाली ठेवला. "चौकीतल्या टेबलाच्या खणात एक कागद आहे. बदली झाली की जाणारा येणाऱ्याला देतो. पहिलीच ओळ आहे, 'क्लेमच्या बेड्यांना खिटी आहे. दिसली तरी दिसू द्यायची नाही.' खाली अकरा सह्या. शेवटच्याने पुढे लिहिलंय, 'मर्ल म्हणते अंगठा दुखतो. जवळ उभं राहा.'"

क्लेम पायरीवर बसला. त्याने विचारलं, "आणि हे आतले? यांच्यातल्या कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही ते विचारा," लोसा म्हणाली. "लवकर संपेल."

त्याला आधी लाज वाटली. मग ती लाज टिकेना. चाळीस वर्षं एवढी माणसं, लहानपणी मंचावर येऊन बेड्या हाताळून गेलेली, पुढे बाप आणि आज्या झालेली, एकाच्याही तोंडून चकार शब्द निघाला नाही. आपण गावाला फसवतो असं तो समजत होता आणि गाव त्याला जपत होतं. एवढं आपल्या पदरात कुणी, का टाकलं, हे त्याला कळेना. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

तो आत गेला. माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती. आयडा पेंग्लेज दरवर्षीप्रमाणे पुढे आली आणि दरवर्षीचाच प्रश्न तिने विचारला, "क्लेम, कसं रे जमतं तुला हे?"

दरवर्षी तो बोट हलवून म्हणायचा, "ते सांगायचं नसतं." या वेळी त्याने तिचा हात हातात घेतला. मग तिच्यामागच्याचा, मग त्याच्यामागच्याचा. दाराशी रांग लागली. अंगठ्यातून प्रत्येक वेळी कळ जात होती, तरी शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्याने एकही हात सोडला नाही.