मैत्रीण शेवटच्या पानावर येते म्हणे

जवळ सरक वं जरा. पुण्यात बसली आहेस म्हणून काय झालं, मनानं तरी सरक. माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू. अकरावी-बारावीतल्या पोरापोरींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहितेस, लोक आवडीनं वाचतात, मलाही कौतुक आहे. पण परवा फोनवर विचारलंस, ‘आजी, माझ्या पुस्तकातल्या मैत्रिणी खऱ्या वाटतात का?’ आणि मी तोंड उघडायच्या आत ‘बरं, नंतर बोलू’ म्हणून ठेवलासही. ही काय रीत झाली? विचारलंस तर आता ऐकून घे.

या उन्हाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायला बंदी. आमच्या मनीषनगरच्या घरात दुपारी कूलर लावून माझी नात आणि तिची मैत्रीण मला तुझं पुस्तक वाचून दाखवायच्या. मैत्रीण शहराच्या टोकाला असलेल्या वाडीची. तिचे वडील तिथल्या गोदामांचा माल नेणारा ट्रक चालवतात. नात वाचायला लागली की मला झोप यायची. ही वाचायची तेव्हा आईचा आवाज वेगळा, बापाचा वेगळा, पोराचा तर असा गोड काढायची की विचारू नको. आणि मधेच थांबायची.

“काहून थांबली वं?”

“आजी, इथं छपाई खराब आहे. पुढच्या पानावर जाऊ?”

नात उशीत तोंड खुपसून हसायची. डोळे बरे झाल्यावर मी ती पानं मुद्दाम काढून पाहिली. छपाई अगदी झकास होती बाई. तुझीही कमालच आहे.

त्या पुस्तकात तुझी नायिका ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते’ सांगून पोराला भेटते, मैत्रीण सांभाळून घेते, घरात कळतं, भांडणं होतात, मैत्री तुटते. मग शेवटच्या पानावर नायिका ‘चूक माझी होती’ म्हणते आणि दोघी गच्चीवर गळ्यात गळे घालून रडतात. काळ्या चष्म्याआड मीही रडले होते.

आमच्याकडे सगळं तसंच झालं. फक्त गच्ची आली नाही.

पोळ्याच्या थोडं आधीची गोष्ट. नात वाडीला जाते म्हणून निघाली आणि फुटाळा तलावाच्या काठावर ट्यूशनमधल्या एका पोराजवळ बसली. सुनेनं सहज मैत्रिणीला फोन केला. ती बिचारी गडबडून म्हणाली, “काकू, ती हात धुवायला गेली आहे.” तिकडे माझ्या मुलाच्या ओळखीच्या माणसानं नातीला तलावावर पाहिलंही होतं.

संध्याकाळी मुलानं तिला उभं केलं. “हे तुले कोणी शिकवलं?” म्हणजे बघ, आपली पोरगी कोणाकडून तरी शिकली असणार हे आधीच ठरलेलं. नात मान खाली घालून म्हणाली, “तिनंच ओळख करून दिली. तीच म्हणाली, जा.”

सपशेल खोटं. त्या पोरानं वाडीच्या पोरीला कधी पाहिलेलं नव्हतं, तिनंही त्याला नाही. दोन दिवसांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून नातीनंच मला हे सांगितलं. पण त्या संध्याकाळी सून म्हणाली, “मी आधीच म्हणत होती, वाडीच्या पोरी घरात नको,” आणि मुलानं तिच्या बापाला फोन लावून नाही नाही ते ऐकवलं.

खरं कळल्यावर मी मुलाला म्हटलं, “बाबू, आपण मारबत काढतो, घरादाराची इडापिडा तिच्यावर लादून तिले जाळतो. ती तरी कागदा-बांबूची राहते. तू जित्या पोरीची केली.”

“आई, विषय संपला. पोरीचं बारावीचं वर्ष आहे.”

“अन् तिचं काय पाचवीचं आहे?”

टीव्हीचा आवाज वाढवला त्यानं.

मग मीच ऑटो करून वाडीला गेले. तिचा बाप घरी होता. त्यानं खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. “आई, डोयाले ऊन लागते, तुम्ही काहून आल्या?” म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो दाराबाहेर उभ्या ट्रककडे पाहत बोलला.

“पोरगी तिकडं गावाले, कुहीले मामाकडं ठेवली. कॉलेज बंद. ती शपथा घेते, तुम्हीही सांगता. पण तुम्ही तं तिच्यावर माया करता. तुमच्या नातीनं इथं येऊन एकदा माह्या तोंडावर सांगावं, ‘मी खोटं बोलली.’ त्याच दिवशी पोरीले घेऊन येतो.”

एवढंच मागणं. एका वाक्याचं.

नात म्हणते, “आजी, आता जुनं झालं ते. तिनं मला ब्लॉक केलंय.” त्या पोरानं तर केव्हाच दुसरी पाहिली, त्याचं नावही घरात निघत नाही. नातीला नवा मोबाइल आला, सून ताटात तूप सोडते, मुलगा ‘आमची पोरगी किती शहाणी झाली’ म्हणतो. आणि ती दुसरी, पोराचा आवाज गोड काढणारी, मामाच्या शेतात धान कापते आहे.

तर ऐक. तुझ्या पुस्तकातली मैत्रीण खरी आहे. नायिकेवर मात्र माझा विश्वास बसत नाही. ‘चूक माझी होती’ हे तू तिच्या तोंडी इतकं सहज घालतेस. माझ्या घरात ते वाक्य घशाखाली गेलेलं आहे आणि वर आलेलं कोणालाच नको आहे.

कॉलेजात मी विचारून आले. अजून तिचं नाव काढलेलं नाही, पण फार दिवस ठेवणार नाहीत. माझं नात ऐकत नाही. तुझं ऐकेल, तुझ्या सहीचं पुस्तक उशाशी घेऊन झोपते ती. तू ये, ‘चल, फिरून येऊ’ म्हण आणि गाडी सरळ वाडीला घे. मी तिच्याजवळ मागे बसते, उतरून पळू देत नाही. तुझ्या मामाला, म्हणजे माझ्या मुलाला, काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

वाडीच्या पोरीचा बाप रविवारी घरी असतो. हातातलं पुस्तक राहू दे अर्धं. या रविवारच्या आत ये वं.