कोणी पाहिलं?

मिलिंद समुद्रात गेला ही बातमी मला कोणी दिली, हे आधी सांगायला हवं. नाहीतर तो पुढचं ऐकूनच घेणार नाही. फोन वैशालीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. तिला पोलिसांनी कळवलं. पोलिसांना फिरायला आलेल्या एका बाईंनी कळवलं, की खडकावर बादली आहे, गळ आहे आणि माणूस कुठेच नाही... त्या बाईंनी मिलिंदला पाहिलंच नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं सिडनीत एकाच ऑफिसात. मी पुण्याची, तो नागपूरचा. दिवसभर सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि संध्याकाळी गिरावीन उपनगरातल्या आपल्या घरी, गॅरेजमध्ये बसून हजार वर्षांपूर्वीच्या अरबी-फारसी खलाशांच्या हकिकती वाचायचा. त्यापायी दोन्ही भाषा शिकला होता. हवा यावी म्हणून शटर अर्ध्यावर ठेवायचा, त्यामुळे गाडी थांबवली की आधी त्याच्या नुसत्या पायांचं दर्शन व्हायचं. वाकून आत शिरलं की बाकीचा मिलिंद भेटायचा.

बसरा, सिराफ अशा बंदरांतून जहाजं पूर्वेला निघायची आणि परतलेले खलाशी काय काय सांगायचे! एका बेटावरच्या झाडाला म्हणे बायकांच्या मुंडक्यांसारखी फळं लागतात आणि गळताना ती किंचाळतात. मी हसायचे. मिलिंदला मात्र त्या फळांपेक्षा हकिकतीची सुरुवात आवडायची: अमक्या नाखव्यानं मला सांगितलं, त्याला तमक्यानं, आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "नमनालाच घडाभर तेल," मी म्हणायचे. "अगं, समुद्रावर साक्षीला कोण येणार?" तो म्हणायचा, "म्हणून आधी विचारायचं, कोणी पाहिलं?" ही खोड ऑफिसातही होतीच. सर्व्हर बंद पडलाय म्हटलं की, "तू पाहिलंस, की बेन म्हणाला?" बेन बिचारा 'नो वरीज, मेट' म्हणत पुन्हा बघून यायचा.

एक हकिकत तो जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. जहाज फुटलं, सगळे बुडाले असं घरी कळलं, रडून झालं, आणि काही वर्षांनी त्यातलाच एक जण दाराशी येऊन उभा राहिला... वाढता वाढता वैशालीनंही ती कितीदा ऐकली. का सांगत बसलास रे ती, असं आता त्याला खडसावून विचारावंसं वाटतं.

शोध थांबला, काही आठवडे गेले. बुद्धविहारातल्या मंडळींनी पुण्यानुमोदनाचं, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेचं, विचारायला मला पाठवलं. वैशाली ओट्याशी भांडी पुसत होती. "फोटो कधी ठेवायचा, विचारतायत गं सगळे," मी म्हटलं.

"कोणी पाहिलं?"

"वैशाली, अगं..."

"नाही, सांग ना. तू पाहिलंस त्याला जाताना? पोलिसांनी पाहिलं? फोटोपुढे मेणबत्ती लावली ना नीता, की मीच त्याला मारल्यासारखं होईल."

मला तिचा राग आला, आणि त्याचा त्याहून जास्त. त्याचीच खोड त्यानं तिच्या हाती देऊन ठेवली होती. विहारात मी एवढंच सांगितलं की थांबूया.

हा लेख लिहू का, म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "लिही. पण तू स्वतः पाहिलंस तेवढंच लिही." तेव्हा लिहिते. मी मिलिंदला शेवटचं पाहिलं ते गॅरेजमध्ये. तो वाचत होता. मी 'येते रे' म्हटलं, त्यानं मान वर न करता हात हलवला. त्याला बुडताना मी पाहिलेलं नाही.

शटर वैशाली अजूनही अर्ध्यावरच ठेवते. परवा तिच्याकडे डबा घेऊन गेले. गाडी बंद केली. तिथे पाय नसणार हे मला पक्कं माहीत होतं... तरी उतरायच्या आधी मी वाकून शटरखाली पाहिलं. मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत वैशाली उभी होती. तिनं मला पाहिलं होतं, वाकताना.