भावोजींचं ॲव्हरेज

तलासरी तालुक्यात आमच्या भावोजींइतकी माणसं जीपमध्ये कोणी बसवली नसतील, आणि त्यांच्याइतकी माणसं जीपमधून उतरवून चालायलाही कोणी लावली नसतील. तरी त्यांच्यावर कोणी मनापासून रागावल्याचं मला आठवत नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तलासरी नाक्यावरून आतल्या पाड्यांना पॅसेंजरची जीप चालवायची हा त्यांचा धंदा, आणि त्या जीपला डिझेल लागतं हे त्यांचं आयुष्यभराचं दुःख.

ते आमच्या घरात जावई म्हणून आले तेव्हा घरात सांगण्यासारखं काही नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर आमचा पाडा. खाली सडक, वर आम्ही, आणि मधे चढ. तांदूळ, मीठ, रॉकेल, सगळं डोक्यावरून वर यायचं. नागली आणि भात पिकवायचा, उरलेल्या दिवसांत खाली बागांमध्ये मजुरीला जायचं. मी बारावीला असताना वडिलांना ताप आला. चौघांनी बांबूला घोंगडी बांधून, डोली करून त्यांना सडकेपर्यंत नेलं. ते परत वर आले नाहीत. मी पुढे शिकले, बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी ती. डहाणूला एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली, तिथेच दोन खोल्यांचं घर झालं. पाड्यावर डांबरी रस्ता आला, पण तोवर आईचे गुडघे गेले होते. दोन वर्षं ती माथ्यावरून खाली उतरली नव्हती. रिक्षावाले शेवटच्या वळणाला हात जोडायचे, भावोजींची म्हातारी जीप रिकामी असली तरी त्या वळणाला उभीच राहायची, आणि डोलीचं नाव काढलं की आई म्हणायची, "मेल्यावर उचला. जिवंतपणी नको." माझं घर तिने पाहिलेलं नव्हतं. मला गाडी घ्यायची होती ती एवढ्यासाठी.

आणि गाडी म्हटलं की भावोजी आलेच.

भावोजी गाडी अनवाणी चालवतात. चपला काढून सीटखाली सरकवायच्या, तळपाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा आणि लहान मुलाला झोपवताना थोपटतो तसं त्याला थोपटत राहायचं. "चपलेला काय कळतं? डिझेल पायाला कळतं," हे त्यांचं म्हणणं. पुढच्या गाडीला मागे टाकणं त्यांना मान्य नाही. त्यात डिझेल जातं आणि पुढे गेल्यावरही रस्ता तोच असतो. एकदा सायकलवर दुधाचे कॅन घेतलेला माणूस बराच वेळ त्यांच्या खिडकीशी गप्पा मारत आला आणि घाई आहे म्हणून पुढे निघून गेला. टाकी भरायची ती फक्त गुजरातच्या हद्दीत, कारण तिकडे स्वस्त. पण रिकामं जायचं नाही, म्हणून हद्दीपलीकडच्या भिलाडचं पॅसेंजर मिळेपर्यंत नाक्यावर थांबायचं. त्या थांबण्यात अर्धा दिवस जायचा. बहीण विचारायची, "अर्ध्या दिवसाचा धंदा बुडाला त्याचं काय?" भावोजी शांतपणे सांगायचे, "धंदा बुडाला, पण डिझेल जळलं का?"

चढ आला की ते गाडी थांबवायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "चला मंडळी, पाय मोकळे करा." लोक निमूट उतरायचे, चढावर चालायचे, वर जीप त्यांची वाट बघत उभी असायची. कासेकडच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलालाही उतरवला होता. मुंडावळ्या सावरत, धोतराचा सोगा हातात धरून तो बिचारा चढ चढला आणि त्याच्यामागे वाजंत्री. वाजंत्रीवाल्यांना वाटलं वरात सुरू झाली. त्यांनी तिथूनच वाजवायला घेतलं. मुलीकडचे ऐकून पुढे धावत आले. मुलाच्या बापाने भाडं देताना जरा आवाज चढवला, तर भावोजी म्हणाले, "एवढी मोठी वरात तुमच्या पाड्यात आजवर निघाली होती का?" बाप विचारात पडला.

माणसांनाही ते ॲव्हरेजच लावायचे. माझी बहीण दोन भाकऱ्यांत दिवसभर चालते म्हणून तिचं ॲव्हरेज उत्तम. मला ते 'बीएस्सी' अशीच हाक मारतात. "आमच्या बीएस्सीचा पिकअप चांगलाय, पण चहा फार पिते." माझ्या आईबद्दल मात्र कधी काही बोलायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "सासूबाईंनी खाल्लं काय आणि केलं किती, त्याचा हिशोब लागत नाही. ते मीटर वेगळं."

तर डहाणूच्या शोरूममध्ये माझ्या पगारात बसणाऱ्या दोन छोट्या गाड्या होत्या. एक पांढरी, लहान इंजिनाची, ॲव्हरेज भरपूर. दुसरी लाल, जरा मोठ्या इंजिनाची, पिकअप जोरदार. मला लाल हवी होती. भावोजींनी पांढरीच्या टपावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"भावोजी, आपला चढ आठवा."

"चढ केवढा, बीएस्सी? दीड किलोमीटर. आणि बाकीचं आयुष्य? सगळं सपाट. दीड किलोमीटरसाठी आयुष्यभर पेट्रोल ओतणार तू?"

शोरूममधला मुलगा उंबरगावकडचा, टायवाला, मराठी आमच्याइतकीच पण मधे गुजराती डोकावणारी. तो म्हणाला, "मॅडम, टेस्ट ड्राइव्ह घेऊन बघा ने. समोर चौकापर्यंत जाऊन येऊ."

"चौकापर्यंत," भावोजी म्हणाले, चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि पांढरी गाडी थेट तलासरीला आणली. वाटेत तो मुलगा तीनदा म्हणाला, "काका, चौक गेला." भावोजी तीनदा म्हणाले, "हो, मोठा होता." तलासरीला बहिणीला घेतलं. मग नाक्यावरच्या दुकानातून तांदळाची दोन पोती मागच्या सीटवर चढवली. मुलगा पार घाबरला. भावोजी म्हणाले, "गाडी रिकामी बघतात का कधी? ही सासूबाईंच्या जागी." आणि वरच्या पोत्याला त्यांनी स्वतः पट्टा लावला. बहिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

पांढरी गाडी पायथ्यापासून छान निघाली. भावोजींचा तळपाय थोपटत होता, चेहऱ्यावर समाधान. शेवटच्या वळणावर मात्र इंजिन कण्हलं, गाडी दोनदा पुढेमागे झाली आणि थांबली. भावोजींनी हँडब्रेक ओढला आणि सवयीने, मागे न बघता म्हणाले, "चला मंडळी, पाय मोकळे करा."

आम्ही उतरलो. पोतीही उतरवली. एक मी आणि बहिणीने धरलं, दुसरं त्या टायवाल्याच्या पाठीवर आलं. गाडी हलकी होऊन सुळकन वर गेली आणि आमच्या अंगणात उभी राहिली. मागून आम्ही घामाघूम. आई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती.

"बघितलंत सासूबाई?" भावोजी हात झटकत म्हणाले. "चढली की नाही? आता तुम्ही इथे अंगणातच बसायचं आणि सरळ डहाणू. उताराला पिकअप लागतोच कशाला? थेंब जळणार नाही!"

आईने गाडीकडे पाहिलं. "आणि येताना?"

"येताना काय, त्या वळणाला जरा उतरायचं. चार पावलं."

आईने गुडघ्यांवरून हात फिरवला. रागावली नाही. तिचा आवाज कधी चढत नाही. म्हणाली, "जावईबापू, पोरींच्या बापाला चौघांनी खाली नेलं. खाली न्यायला माणसं मिळाली. वर आणायला नाही मिळाली. मला खाली नेणारी गाडी नको. वर आणणारी घ्या. नाहीतर राहू दे, मी इथे बरी आहे."

टायवाल्याने पोतं हळूच ओट्याला टेकवलं. भावोजींनी गाडीतून चपला काढल्या, पायात घातल्या आणि एकटेच वळणापर्यंत चालत खाली गेले. तिथे जरा वेळ उभे राहिले. मग तेवढाच चढ चढून वर आले. पन्नाशीचा माणूस, धाप लागली होती. कितीतरी वर्षं त्यांनी लोकांना चढावर चालवलं होतं. स्वतः चालल्याचं मला तरी आठवत नाही. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि त्या मुलाला विचारलं, "ती लाल. तिचा पिकअप कसाय?"

"पिकअप तो एकदम मस्त छे काका. पण ॲव्हरेज थोडा..."

"ॲव्हरेज मी विचारलं?"

बहिणीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांच्या तोंडून असं वाक्य तिने संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

लाल गाडी आली. आईला आणायला भावोजीच गेले. माझ्या हातात त्यांनी गाडी दिली नाही. आई माझ्या घरात आली, नळ उघडून बघितला, बंद केला, परत उघडला. भिंतीवर लावलेलं माझं पदवीचं प्रमाणपत्र तिला वाचता येत नाही, पण काच तिने पदराने पुसली. एका संध्याकाळी आम्ही तिला नरपडच्या किनाऱ्यावर नेलं. बराच वेळ समुद्राकडे बघून ती म्हणाली, "हे सगळं सपाट आहे. इथे जावईबापूंची जीप छान चालेल." भावोजी सुरूच्या झाडाखाली उभे राहून हसत होते.

परत जाताना शेवटचं वळण आलं आणि बहिणीचा हात सवयीने दाराच्या कडीकडे गेला. मीही पाय बाहेर काढायच्या तयारीत. भावोजींनी या वेळी मागे वळून पाहिलं.

"कोणी उतरायचं नाही. बसा."

आणि त्यांनी तो थोपटणारा तळपाय पूर्ण दाबला. गाडी गुरगुरली आणि वळण घेऊन सरळ अंगणात गेली. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, तापलेला लागला तरी काढला नाही. "पेट्रोल पिते," एवढंच म्हणाले. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

त्यांची जीप पुढे मोडीत निघाली. आता कधी रविवारी ते माझ्या लाल गाडीत बाजूला बसतात, मी जरा जोरात दाबलं की त्यांचे डावे-उजवे दोन्ही पाय आपोआप आखडतात, पण बोलत नाहीत. चढ आला की मात्र खिडकीबाहेर बघत पुटपुटतात, "दाब, बीएस्सी, दाब."

आई त्या पहिल्या खेपेला माझ्या घरी आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी ती गाडीत बसून, कुठेही न उतरता, आपल्या अंगणापर्यंत वर आली.