भुपेंद्रला मागून हात लावू नका

साकोलीहून नागझिऱ्याच्या अंगाला गेलं की जंगलाला टेकून जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात भुपेंद्रला सगळे 'अस्वल्या' म्हणतात. नाव त्याला कौतुकानं मिळालं. मागच्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी तो मोहफुलं वेचायला वाकला होता आणि पिलं असलेल्या अस्वलीनं त्याला मागून धरलं. पहिल्याच पंजात मानेपासून टाळूपर्यंतचं कातडं सोलून निघालं, उजवा कान लोंबायला लागला. तो तोंडावर पडला. ती त्याच्या पाठीवर बसली. तोंडात माती, मोहफुलांचा गोड वास, आणि मानेवर तिचा तो भसभसता श्वास. त्याचा दोस्त मंगरू कुऱ्हाड घेऊन बोंबलत आला तेव्हा कुठं ती उठली.

टाके घालून भुपेंद्र गावात परतला तर गावानं त्याला डोक्यावर घेतलं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथं दंडारीच्या नाटकाच्या मंचावर बोलावून शाल दिली. माइकवरून एकानं सांगितलं की आमच्या गड्यानं अस्वलीचा जबडा हातानं फाडला. भुपेंद्रनं काही फाडलं नव्हतं. पण तो हसला आणि शाल घेतली.

पानठेल्यावरच्या पोट्ट्यांना एक खेळ सापडला. भुपेंद्र पाठमोरा दिसला की मागून जाऊन अस्वलासारखं घोरायचं. एकदा गोपीचंदनं केलं. भुपेंद्र गर्रकन वळला आणि मूठ अशी बसली की गोपीचंदचे पुढचे दोन दात जमिनीवर. तरी भुपेंद्र थांबला नाही. पडलेल्याच्या छातीवर बसून मारत राहिला, चौघांनी ओढून काढला. आणि मग काय झालं, तर सगळे हसले. रक्त थुंकत गोपीचंदही हसला.

"यानं अस्वलीले नाई सोडलं, मी का चीज आहो गा!"

इथंच गाव चुकलं. त्या माराला गाव मर्दानगी समजलं.

घरात हसण्यासारखं काही नव्हतं. दुपारी खाटेवर पालथा झोपलेल्या भुपेंद्रच्या पाठीवर कुत्रीचं पिलू चढलं. त्यानं झोपेतच ते मागच्या पायाला धरलं आणि भिंतीवर आपटलं. मग जागा होऊन विचारू लागला, "हे कोणं केलं?" त्याची आई कुंताबाई भिंत सारवायला बसली.

पुढं एका दुपारी बायकोनं, शुभांगीनं, चहासाठी खांदा हलवला. त्यानं तिचा गळा धरला. डोळे सताड उघडे, पण बघत होते तिच्या पलीकडे कुठंतरी. तिनं त्याच्या हातांना नखं मारली, पाय झाडले. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं तेव्हा कुंताबाईनं पाण्याची बादली लेकाच्या तोंडावर ओतली. तो भानावर आला, आपल्या हातांकडं पाहिलं आणि बाहेर निघून गेला. संध्याकाळपर्यंत तलावाच्या पाळीवर बसून होता.

शुभांगी गळ्याभोवती पदर गुंडाळून फिरली. कोणी विचारलं तर म्हणाली, "गाईनं ढुशी देल्ली."

"गाय तं तुमची लईच मारकी हाय बाप्पा," बाया म्हणाल्या.

कुंताबाईनं लेकाला पुजाऱ्याकडे नेलं. अस्वलीचं वारं लागलं म्हणाला तो. कोंबडी कापली, दंडात काळा दोरा बांधला. दोरा बांधलेल्या त्याच हातानं पुढच्या बाजाराच्या दिवशी भुपेंद्रनं बैलाला एवढं झोडलं की बैल शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, गुडघे टेकून बसला. बैलानं मागून येऊन नुसतं अंग घासलं होतं.

मंगरूची बायको रुपा गावातली आशाताई, सरकारी दवाखान्याची कामं बघणारी. तिला शुभांगीनं आडून विचारलं.

"रुपा, भंडाऱ्याले डोक्याचा डाक्टर बसते म्हणे?"

"बसते न. सरकारी दवाखान्यात. कोणासाठी वं?"

"माह्या मामेभावासाठी. झोपेत मारते तो. दचकते. मागून कोणी आलं का अंगावर धावते."

रुपानं तिच्या गळ्याकडं पाहिलं. पदर होता.

"मंग वाट कायची पाहून राहिले ते? घरचे लोक भेत असतीन तं तेच टाइम असते. कोणाचा जीव गेल्यावर नेऊन का फायदा?"

"लोक येडा म्हणतीन न त्याले."

"म्हणू दे. येडा म्हणलेला माणूस घरी येते. मेलेला नाई येत."

शुभांगीनं मान हलवली आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. अस्वलीला हरवलेल्या माणसाची बायको होती ती. वेड्याची बायको व्हायला तिचं मन होईना. आणि मामेभाऊ तर नव्हताच कोणी न्यायला.

पावसाळ्यात रोवणा लागला. त्यांच्या शेवटच्या बांधीत दुपारपर्यंत धानाचं रोप लावून झालं. रोवणा सरला की रोवणाऱ्या बाया मालकाला चिखल फासतात आणि बोजारा मागतात, म्हणजे जेवणखाण, कुठं लुगडं, कुठं दारूची बाटली. मालकानं पळायचं, बायांनी धरायचं, असा तो खेळ. भुपेंद्र धुऱ्यावर पाठमोरा उभा राहून बैल सोडत होता. बाया एकमेकींना खुणा करू लागल्या.

शुभांगी बांधीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं पाहिलं. "नोको वं!" ती ओरडली. बाया आणखीच हसल्या.

"मालकीण वाचवून राहिली मालकाले! बोजारा चुकवते का वं?"

आणि रुपा दोन्ही हात चिखलानं भरून मागून गेली. तिनं तो थंड, जड चिखल भुपेंद्रच्या मानेवर थापला, बरोबर टाक्यांच्या व्रणावर.

तो ओरडला ते माणसासारखं नव्हतं. वळला, रुपाला कमरेत उचललं आणि बांधीत आपटलं. मग तिच्या पाठीवर गुडघा रोवून तिचं तोंड चिखलात दाबलं. तिचे हात रोपं उपटत होते. पाणी बुडबुडत होतं. बायांचं हसणं कुठं थांबलं आणि किंचाळणं कुठं सुरू झालं ते कोणालाच कळलं नाही. शुभांगी चिखल तुडवत आली, त्याच्या केसांना धरून मागं ओढलं. त्यानं तिचा हात धरून पिळला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. तरी तिनं दुसऱ्या हातानं केस सोडले नाहीत. तेवढ्यात इतर बाया पडल्या त्याच्यावर, आणि रुपा मोकळी झाली. तिच्या नाकातोंडातून काळं पाणी निघालं, मग रक्त, मग श्वास.

मंगरू धावत आला तो तुतारी, बैल हाकायची काठी, घेऊनच. त्यानं भुपेंद्रला समोर उभं करून मारायला सुरुवात केली. खांद्यावर, तोंडावर, बरगड्यांवर. कपाळ फुटलं. भुपेंद्र हात खाली सोडून उभा होता.

"हात काहून नाई उचलत बे? बायकोवर उचलतं न माह्या! उचल!"

"तू समोरून मारून राहिला," भुपेंद्र म्हणाला. रक्त डोळ्यात येत होतं, पुसत नव्हता. "समोर तू दिसतं मले. मंगरू दिसतं. मागून कोणी आलं का तेच येते रे. अजून बसूनच हाय ते पाठीवर."

मंगरूची तुतारी वरच राहिली. त्या दिवशी अस्वलीच्या तावडीतून यालाच त्यानं सोडवलं होतं.

"तुले माहीत होतं?" रुपानं खोकत शुभांगीला विचारलं. "मामेभाऊ नव्हता तो?"

शुभांगी मोडलेला हात छातीशी धरून रडली. "मी सांगतलं नाई. माहा गुन्हा झाला."

"पोलिसात जायचं का?" मंगरूनं रुपाला विचारलं.

"ते मी ठरवीन," रुपा म्हणाली. "पहिले याले भंडाऱ्याले ने."

"मले न्यायचं काम नाई," भुपेंद्र म्हणाला. "मीच येतो. मले भेव लागते माहा."

कुंताबाई पुन्हा पुजाऱ्याचं नाव काढू लागली. भुपेंद्रनं दंडाचा दोरा तोडून आईच्या हातात दिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मराठवाड्यातल्या, वयानं लहान. तो त्यांच्यासमोर बसला आणि मागून शिपाई आत आला. भुपेंद्रनं लाथ मारून टेबल उलथवलं. बाई भिंतीला लागल्या, पण ओरडल्या नाहीत. शिपायाला बाहेर काढलं, भुपेंद्रची खुर्ची कोपऱ्यात भिंतीला टेकवून लावली.

"आता मागं कोणी नाही. बोला."

"मी येडा झालो का?"

"नाही. जीव वाचवायला त्या दिवशी तुमचं शरीर जे शिकलं, ते त्याला अजून विसरता आलं नाही. गोळ्या देते. पण नुसत्या गोळ्यांनी होणार नाही. दर आठवड्याला यायचं आणि ते सगळं सांगायचं. खरं झालं तसं."

"शाल देल्ली तं ते खोटं सांगतलं होतं लोकायनं."

"मग खऱ्यापासूनच सुरू करू."

पहिल्या दोन खेपेला तो नुसता घामानं भिजून परत आला. तिसऱ्या खेपेला मोहफुलांच्या वासापर्यंत पोचला आणि ओकला. रुपानं पोलिसात तक्रार केली नाही, पण त्याच्या घरी पाऊलही टाकलं नाही. मंगरू मात्र प्रत्येक वेळी मोटरसायकलवर भंडाऱ्याला न्यायचा. भुपेंद्रला मागं बसवायचा, स्वतः पुढं.

शुभांगी हाताला प्लास्टर घालून पवनीला माहेरी गेली होती. धान कापणीला आलं तशी परत आली. दुपारची वेळ. भुपेंद्र आतल्या खोलीच्या दाराला नवी कडी बसवत होता, आतल्या बाजूनं.

"हे कायले?"

"तुह्यासाठी. मी झोपलो का आतून लावजो."

"आई म्हणते तुम्ही बरे झाले."

"बरा होऊन राहिलो. झालो नाई." त्यानं शेवटचा स्क्रू आवळला, कडी ओढून पाहिली. "मी म्हणीन तवा खोलू नोको. तुले वाटंल तवा खोलजो."

"लोक का म्हणतीन? नवऱ्यापासून कडी लावते म्हणून?"

"म्हणू दे."

तो ओसरीतल्या खाटेवर पडला. शुभांगी आत गेली. तिनं दार लोटून घेतलं. मग कडी सरकली, जोरात, पूर्ण. तेव्हा कुठं भुपेंद्रनं डोळे मिटले.