नळ निशाणीचे मामा

उभ्या जगात बोरिवलीला परदेश मानणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. गोराईला, खाडीच्या पल्याड, त्यांची वांग्यांची वाडी होती आणि वाडीतल्या बाजेवर बसून ते शेतकऱ्यांचा एक पक्ष चालवत. मागणी एवढीच की खाडीपलीकडची गावं मुंबईतून मोकळी करा. आमचं आम्ही पिकवू, आमचं आम्ही खाऊ. सभासद तिघे, त्यातल्या एकाला ऐकू येत नसे, त्यामुळे ठराव भांडणाशिवाय मंजूर होत. होडीतून वांगी बोरिवलीच्या बाजारात नेणं ही निर्यात. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला पक्षाचा बोरिवलीतला राजदूत नेमलं. राजदूताने करायचं काय, असं विचारलं तर म्हणाले, रविवारी रिकाम्या टोपल्या परत आणायच्या. मी बँकेतला कारकून, एवढ्या हुद्द्याची सवय कुठली! पहिल्याच रविवारी टोपल्यांसकट होडीतून उतरलो तो थेट चिखलात बसलो. मामांनी धक्क्यावरून शांतपणे पाहिलं आणि राजदूत दाखल झाल्याचं जाहीर केलं.

इतका गोड माणूस, पण नळाचं नाव काढलं की बिघडायचा. पालिकेची माणसं पाइप टाकायचं विचारायला आली की मामा त्यांना चहा पाजून, वर चार वांगी देऊन परत पाठवत. आज पाणी देतील, उद्या वाडी मागतील, हे त्यांचं राजकारण. उन्हाळ्यात घरची विहीर मचूळ झाली की मामी गावाच्या दुसऱ्या टोकावरून हंडे आणत. तक्रार करत नसत; फक्त हंडा असा आदळत, की पक्षाची बैठक तिथेच संपे.

अशात पालिकेची निवडणूक आली आणि मामा उभे राहिले. निवडून आलो तरी शपथ घेणार नाही, हे त्यांचं एकमेव आश्वासन. निशाणी म्हणून त्यांना विहीर हवी होती. स्वतःच्या पाण्यावर जगणाऱ्यांची खूण. ती आणायला त्यांनी मला धाडलं, कारण वांग्यांना पाणी द्यायचं होतं. कचेरीतल्या यादीत विहीर नव्हतीच. मी डोकं चालवलं. पाणी ते पाणी, असं म्हणून नळ उचलला आणि विजयी चेहऱ्याने परतलो. मामांनी निशाणीचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"जावईबापू, तुमी राजदूत आमचे की त्यांचे?"

पण तोवर भिंतींवर नळ रंगला होता आणि गावातल्या बायकांना वाटलं, मामा वळले. आजवर एकही बाई ज्यांच्या सभेला फिरकली नव्हती, त्यांचं अंगण भरून गेलं. सगळ्यांच्या पुढे मामी. मामा उठून समजावू लागले, की ही नुसती निशाणी आहे आणि चूक जावयाची आहे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी छपराची कौलं निरखू लागलो.

मामी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "चूक कोणाची का असंना. औंदा माझ्याच्यानं हंडा उचलायचा नाय. नळ आणणार का, तेवढं सांगा."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींचा एक हात कमरेवर होता. बहुधा तो कित्येक वर्षं तिथेच होता.

"आणतो," ते म्हणाले. आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

निवडणूक हरले, ते ठरलेलंच होतं. पण निकालानंतरच्या आठवड्यात धुतलेलं धोतर नेसून ते माझ्यासोबत पालिकेच्या कचेरीत आले. होडीत मला बजावलं, की आपण मदत मागायला चाललोय, भीक नाही, तेव्हा ताठ बसा. मी इतका ताठ बसलो की होडी कलली. कचेरीत मात्र माझ्यापेक्षा लहान वयाच्या साहेबापुढे त्यांनी हात जोडले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पाणी आलं त्या दुपारी सगळं गाव नळाशी होतं आणि मामा पाठ करून बांधावर बसले होते. मामींनी पहिला तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो सावकाश, पुरता रिकामा केला. "गोड हाय," म्हणाले आणि खाडीकडे बघत राहिले. त्या दिवशी मामींनी त्यांना जेवायला हाक मारली नाही. ताट बांधावरच आणलं, आणि ते जेवेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.